नायगारासमोर मामंजी

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून ‘चांगलं’ हा शब्द वदवून घेणारा माणूस जन्माला आला नव्हता, आणि आपल्या हयातीत तो जन्माला येऊ नये याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. मामंजी नागपुरात नळखात्यात ओव्हरसियर होते. बत्तीस वर्षांत त्यांनी एकाही साहेबाला पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हटलं नाही, असं त्यांचे सोबतीच सांगायचे. रामदासपेठेत आमच्या शेजाऱ्यांनी गल्लीतला पहिला फ्रिज घेतला तेव्हा कौतुकाला सगळी गल्ली लोटली होती. मामंजींनी दार उघडून आत हात घातला, घड्याळाकडे पाहत मिनिटभर तसाच ठेवला आणि म्हणाले, “थंड आहे.” कळमेश्वरहून त्यांच्या भावाच्या बागेतली संत्री यायची. एका बैठकीत बारा संपवून, “आंबट आहेत,” म्हणत ते तेराव्याला हात घालायचे. नवी सून म्हणून मी पहिल्यांदा पाटवड्यांचा रस्सा केला, तेव्हा म्हणाले, “तिखट कमी आहे.” मी ओट्याशी डोळे पुसत उभी होते, तर सासूबाई कानाशी येऊन म्हणाल्या, “तिसऱ्यांदा वाढून घेतलं ना त्यायनं? मग झालं तं. रडून काहून राहिली वं?”

सासूबाई होत्या तोवर घराला मामंजींच्या बोलण्याचा अर्थ लागायचा. त्या गेल्या, आणि पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या दिरांनी टोरांटोहून मामंजी, माझे पती आणि मी अशा आम्हा तिघांना बोलावून घेतलं. दीर तिकडे सात वर्षं इंजिनीअर होते. मामंजी विमानात बसले ते धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि चेहऱ्यावर ‘पाहू या’ असा भाव घालूनच. दिरांनी मोठ्या हौशीनं एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. आकाशाला टेकलेल्या इमारती पाहून मामंजी म्हणाले, “उंच आहे.” आठ गाड्या शेजारी शेजारी धावतील असा रस्ता पाहून म्हणाले, “रुंद आहे.” कपडे धुणाऱ्या यंत्रासमोर मात्र खुर्ची टाकून ते पाऊण तास बसले. आता काहीतरी निघणार, म्हणून आम्ही श्वास रोखला. “फिरते,” ते म्हणाले आणि उठले.

“वहिनी, नायगारा राहिला आहे अजून,” दीर मला म्हणाले. “तिथं पाहू बाबा काय बोलतात.”

धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या बोटीवर चढताना प्रत्येकाला एक पातळ रेनकोट देत होते. मामंजींनी तो देणाऱ्या मुलीचा हात बाजूला सारला. “बत्तीस वर्षं पाण्यात नोकरी केली. या पाण्याले मी काहून भिऊ?” तिला मराठी येत नव्हतं, पण मामंजी कळले असावेत. तिनं मुकाट्यानं वाट दिली.

बोट तुषारांत शिरली आणि मला काही सुचेना. तिन्ही बाजूंनी पाणी कोसळत होतं, आवाज कानात नाही तर छातीत घुमत होता. सासऱ्यांसमोर मी कधी नवऱ्याच्या शेजारीही बसले नव्हते, त्या दिवशी त्यांच्यादेखत नवऱ्याचा हात घट्ट धरला. मामंजी सगळ्यांच्या पुढे, टोपी काखेत मारून उभे. धोतर पायांना चिकटलेलं, मिशांवरून पाणी ओघळतंय, आणि मान अशी ताठ, की नजर आधी धबधब्यानं खाली करावी. दीर त्यांच्या कानाशी ओरडले, “बाबा, कसं आहे?”

“पाणी आहे,” मामंजी ओरडले.

काठावर उतरलो आणि दिरांचा बांध फुटला. “बाबा, मी विद्यापीठात दुसरा आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, पेपर सोपा असेल. इथं घर घेतलं, तर म्हणालात, लाकडाचं आहे. कधी एकदा, एकदा तरी चांगलं म्हणाल?”

मामंजी थंडीनं कुडकुडत होते. दात वाजत होते, तरी त्यांनी मान खाली घातली नाही.

“चांगलं म्हटलं तं तू इथंच राहशीन.”

माझे पती बुटांकडे पाहू लागले. दिरांनी अंगातला कोरडा कोट काढून वडिलांच्या खांद्यावर घातला. मामंजींनी तो घालू दिला.

“मी राहणारच आहे, बाबा,” दीर हळूच म्हणाले.

“माहीत आहे मले. पण माह्या तोंडून नाही.”

डिसेंबर लागता लागता आम्ही नागपूरला परतलो. आठवड्याभरात मामंजींचे नळखात्यातले जुने सोबती व्हरांड्यात जमले. मी चहा घेऊन दाराशी आले तर आतापर्यंत कधीच न ऐकलेला आवाज. मामंजी उभे राहून दोन्ही हात पसरून सांगत होते, “डोळ्यात मावत नाही गा! इतकं चांगलं जन्मात पाह्यलं नाही. पोरानं दाखवलं माह्या!” मग त्यांना दारातली मी दिसले. ते खाली बसले. “त्याले लिहायचं नाही, सांगून ठेवतो.”

मामंजींचा शब्द मी आयुष्यात एकदाच मोडला. त्याच दुपारी दिरांना पत्र लिहिलं, अक्षरन् अक्षर.

उत्तर थंडीत आलं. घरातलं प्रत्येक पत्र मामंजीच फोडायचे. पण या वेळी, “अक्षर बारीक आहे, तू वाच,” म्हणून त्यांनी ते माझ्या हाती दिलं. मी ओघात मोठ्यानं वाचत गेले. “वहिनी, तुमचं पत्र आलं तेव्हा गुडघाभर बर्फ होतं. फाटकापाशी पेटीतून काढलं आणि तिथंच उभ्यानं चारदा वाचलं. तुम्ही लिहिलंत हे बाबांना मात्र कळू देऊ नका.”

मी थांबले. फार उशिरा थांबले.

“लिहू नको म्हटलं होतं ना तुले?”

“म्हटलं होतं,” मी म्हणाले. “तरी लिहिलं.”

त्यांनी पाकीट उचललं, उलटसुलट केलं, वरचं तिकीट निरखून पाहिलं.

“ते बर्फातलं पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“इतक्या थंडीत बाहेर काहून उभा राहिला तो? घरात जाऊन वाचाले काय झालं होतं?” असं माझ्यावरच डाफरून त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि ते आतल्या खोलीत गेले.