नाकेदारभाऊ आणि न सुटणारं पाणी

नाकेदारभाऊंचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता आणि वस्तूंवर तर मुळीच नव्हता. कंदील भडकला की ते कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभे राहत आणि विचारत, "काऊन बे? काय लपवून राह्यला?" दाराची कडी अडकली, छत्री उघडेना, पाण्याचा गडवा गळायला लागला, की त्या त्या वस्तूची रीतसर चौकशी व्हायची. वस्तू बोलत नसत, पण त्यांच्या गप्प बसण्याचाही भाऊ अर्थ लावत. "पाहा गुर्जी, गुमान हाय. म्हन्जे यानंच केलं."

सगळी हयात जंगलखात्यात गेल्यावर दुसरं काय होणार? धानोऱ्याच्या नाक्यावर रस्त्यात एक आडवा बांबू होता आणि त्याला लागून भाऊंचं सरकारी कौलारू घर. जंगलातून येणारी प्रत्येक बैलबंडी त्या बांबूपाशी थांबायची. भाऊ पास बघत, लाकडं मोजत आणि सगळं जुळलं तर लाकडाच्या तोंडावर ठशाचा हातोडा मारत. ठसा बसला की ते लाकूड कायदेशीर. मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो, वर्ध्याकडून आलेला. गावात खानावळ नव्हती, म्हणून भाऊंच्या ओसरीवरच्या खोलीत राहायचो आणि त्यांच्याच पंक्तीला जेवायचो.

सागाच्या बाबतीत भाऊंचा प्रामाणिकपणा दुखणं म्हणावं इतका वाढलेला होता. घरातला पोळपाट, लाटणं, खाटेचे पाय, देवघरातला चौरंग, सगळ्यावर नाक्याचा ठसा. सुताराकडून नवं लाटणं आलं तेव्हा त्याच्यावर ठसा पडेपर्यंत आम्ही भातावरच होतो. बाई म्हणायच्या, "एक दिवस माह्या कपायावरही हातोडा मारतीन हे."

बाई म्हणजे भाऊंची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाईंच्या हातांना इसब झालं होतं. बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, राख आणि पाणी लागलं की त्यातून रक्त यायचं. वाढताना त्या हातांना फडकी गुंडाळून घ्यायच्या आणि पोळी देताना फडक्याचं टोक ताटात पडू नये म्हणून केवढी काळजी घ्यायच्या. चांद्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हात पाण्यात घालायचे नाहीत. भांडी घासायला कुणी तरी ठेवा, असं सगळं गाव सांगत होतं. पण बाईंचं बालपण लोकांच्या दारी भांडी घासण्यात गेलं होतं. लग्न झालं त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपलं खरकटं दुसऱ्या बाईला काढायला लावायचं नाही. "मी काढलं तेवढं बस झालं," एवढंच म्हणायच्या आणि फडकी सोडून मोरीवर बसायच्या. त्या मोरीवर बसल्या की भाऊ घरात थांबत नसत. बाहेर जाऊन बिचाऱ्या एखाद्या बंडीवाल्याची लाकडं दुसऱ्यांदा मोजत.

अशात एका लाकूड कंपनीचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा हर्रास झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. भाऊंनी भांडी घासायचं यंत्र घेतलं. जस्ताच्या पत्र्याचं मोठं गोल पिंप, त्याला तीन पाय, वर झाकण, बाजूला दांडा. आतल्या तारेच्या जाळीत भांडी उभी करायची, कढत पाणी ओतायचं, झाकण लावून दांडा फिरवायचा. मग खालची तोटी उघडली की घाण पाणी नळीनं बाहेर. साहेबाच्या खानसाम्यानं हे सगळं नीट समजावून दिलं. आपण स्वतः मात्र भांडी नेहमी हातानंच घासली, हे त्यानं बंडी सुटल्यावर ओरडून सांगितलं.

यंत्र मागच्या रिकाम्या गोठ्यात बसवण्यात आलं. पहिल्या दिवशी अर्धं गाव जमलं होतं. राखेशिवाय भांडं निघतं यावर भाऊंचा विश्वास बसणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ओंजळभर राख टाकली, वर चिंचेचा गोळा टाकला. दांडा फिरवला तेव्हा पितळी पातेली आणि पराती एकमेकांवर अशी आदळली की नाक्यावरचे बैल उधळले. मग भाऊंनी सर्वांकडे एकदा पाहून तोटी उघडली. थेंबही आला नाही. भाऊंनी तोटीला डोळा लावून पाहिलं आणि निकाल दिला. "पानी अंदर गेलं, याचा मी गवाह हाय. भाईर आलं नाई. म्हन्जे अंदरच हाय."

त्यानंतर तपासाला नुसता ऊत आला. आमच्या हेडमास्तरांचं म्हणणं पडलं की यंत्र थंड मुलखातलं, इथल्या उन्हानं त्याची नळी सुजली आहे. म्हणून आठवडाभर नळीला ओल्या गोणपाटाची पट्टी बांधली. वैद्यकाकांनी पिंपाच्या पोटावर बोटं वाजवून बद्धकोष्ठाचं निदान केलं आणि एरंडेल पाजायला सांगितलं. ते पाजलं. त्याचा गुण यंत्राला आला नाही. पुढचे काही दिवस त्याच भांड्यांतून जेवलेल्या मला मात्र आला. लच्छू कोतवाल सरळ म्हणाला, "भाऊ, उलटं करून पाहा ना." भाऊ त्याच्यावर असे खवळले की जणू त्यानं राखीव जंगल पेटवायचा बेत सांगितला होता. "उलटं? चौकशी चालू असताना मुद्देमाल उलटा करते का कोनी?"

हळूहळू लोकांचा उत्साह ओसरला, पण भाऊंचा वाढतच गेला. दोन्ही वेळची जेवणं झाली की ते भांड्यांची टोपली उचलून गोठ्यात जात आणि आतून कडी लावत. मग आतून आवाज येत. "बोल! कुठी दाबलं पानी?" धाड! "खरं सांग!" ठण् ठण्! मध्ये शांतता, पाण्याचा चुळचुळ आवाज, पुन्हा एक दणका. बऱ्याच वेळानं भाऊ घामाघूम होऊन बाहेर येत. हातात लखलखीत भांडी असत. "घासते चांगलं. पानी तेवढं सोडत नाई," असं सांगून साचलेलं पाणी डब्यानं काढून मागच्या पपईला घालत. मला वाटे, बिघडलेलं यंत्र जर इतकी लखलखीत भांडी घासत असेल, तर ते दुरुस्त करायचा हट्ट तरी कशाला? पण भाऊ हट्टाला पेटलेले होते आणि त्यांच्या हट्टाशी वाद घालण्यात राम नव्हता. दरम्यान बाईंच्या भेगा मिटू लागल्या होत्या. त्या म्हणायच्या, "यंत्र मोठं गुणाचं हाय हो गुर्जी." आणि गोठ्याच्या बंद दाराकडे बघत बसायच्या.

भाऊंचे वरिष्ठ रेंजरसाहेब भले गृहस्थ होते आणि तेच आडवं आलं. भाऊंसारखा कामाचा माणूस एका पिंपापायी कसा झिजतो आहे, हे त्यांच्या कानावर गेलं. एका दौऱ्यात ते आरागिरणीचा फिटर जीपमध्ये घालून घेऊनच आले. "नाकेदार, आज तुमच्या यंत्राचा निकाल लावू," असं त्यांनी हसत सांगितलं आणि माझ्या देखत भाऊंचा चेहरा उतरला. जन्मात वरिष्ठांसमोर न अडखळलेला माणूस चाचरायला लागला. "साहेब, चौकशी अपुरी हाय... पिंप तापलेलं हाय... फिटरले लागन..." पण साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळे गोठ्यात गेले. साहेब, फिटर, मी, लच्छू कोतवाल, शेजारपाजारचे. भाऊ दारातच उभे राहिले.

फिटरनं नळीत तार घातली. "साहेब, हे तुंबलेलं नाई. अंदरून काई तरी ठोकलेलं हाय." पकड लावून त्यानं जोर केला. फट्कन आवाज झाला आणि दुपारच्या भांड्यांचं पाणी साहेबांच्या बुटांवरून वाहत गेलं. फिटरच्या हातात बोटाएवढी एक सागाची खुंटी होती. साहेबांनी ती घेऊन उजेडात धरली. खुंटीच्या तोंडावर नाक्याचा ठसा होता.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यानं कसलंही लाकूड उचलून ठोकलं असतं. भाऊंच्या हातून बिनठशाचा साग नळीतसुद्धा जाणं शक्य नव्हतं. लबाडी करायची ठरवल्यावरही त्यांनी ती आधी कायदेशीर करून घेतली होती.

मग भाऊ पुढे आले, टाचा जुळवून उभे राहिले आणि नाक्यावर पकडलेला माणूस बोलतो तसे बोलू लागले. "बयान देतो साहेब. नळीत अडकलेली राख पयल्या हप्त्यातच निंगाली होती. पानी बराबर जात होतं. पन यंत्र भांडी घासत नाई. जशी टाकली तशी निंगतात. ते कोनाले समजलं असतं तर हिनं पुन्हा पान्यात हात घातले असते. मले तर हिनं घासूच देल्ली नसती, म्हने नवऱ्यानं भांडी घासली का पाप लागते. म्हनून खुंटी ठोकली. दुरुस्तीच्या नावानं कडी लावून बसाले भेटे. भांडी मीच घासतो. दोन्ही टाइम." एवढं बोलून, साहेब आता काय शिक्षा सांगतात याची ते वाट पाहत राहिले.

शेजाऱ्यांमधून कुणी तरी फिसकन हसलं. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "यंत्र थोडीच बोटानं राख लावते साहेब? कढईच्या कानात रोज राख राह्यलेली राहे." भाऊंनी गर्रकन वळून पाहिलं. "मंग बोलली काऊन नाई?" बाई म्हणाल्या, "बोलली असती तर तुमी सोडून देल्लं असतं. अन् तुमाले लपून माह्यासाठी काई करताना मी पयल्यांदाच पाहून राह्यली होती." रेंजरसाहेबांनी खुंटी भाऊंच्या हातात दिली, ओले बूट झटकले आणि यंत्र दुरुस्त झाल्याचं फिटरला सांगून जीपकडे निघाले. मला तिथे उभं राहवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

गावाला मात्र फक्त हसू आलं. त्या काळी नाकेदार म्हणजे केवढा दरारा! आणि तो कडी लावून बायकोची भांडी घासतो! संध्याकाळपर्यंत बाजारात भाऊंच्या नकला सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, तेव्हा बाई हातावरची फडकी सोडायला लागल्या. भाऊ ओसरीवर बसून होते. मी शाळेत जायला निघालो होतो, पण पाऊल उचलेना. आता हा माणूस काय करणार, याच्यावर त्या भेगा पुन्हा फुटायच्या की नाही हे ठरणार होतं.

भाऊ उठले. बाईंच्या हातातून टोपली घेतली. गोठ्याकडे न जाता सरळ पुढच्या दारानं बाहेर पडले आणि भर रस्त्यावर, नाक्याच्या बांबूपाशी, टोपली आपटून खाली बसले. खाकी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कढई घासायला घेतली. तेवढ्यात एक बंडी आली. बंडीवाला दात काढत म्हणाला, "नाकेदारभाऊ, आमच्याही घरी भांडी पडली हायेत जी!" भाऊंनी राखेनं भरलेला हात वर केला. "पास." बंडीवाला हसतच होता. भाऊंनी बसल्या जागेवरून लाकडं मोजली. दोन जास्त होती. दोन्ही उतरवून घेतली, जप्ती केली आणि पुन्हा कढईकडे वळले. त्यानंतर लोक हसले नाहीत असं नाही, पण नाका पार केल्यावर हसायचे.

मग ते रोजचंच झालं. दौऱ्यावरचे अधिकारी, मोहफुलं विकायला निघालेल्या बाया, मार्कंड्याच्या जत्रेला जाणारे लोक, सगळ्यांनी नाकेदारभाऊंना त्या रस्त्यावर भांडी घासताना पाहिलं. यंत्रात पुढे बाई तांदूळ ठेवायला लागल्या. उंदीर लागत नसत, तेवढा त्याचा उपयोग झाला.

दुसऱ्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी बाईंनी पुरणाचा स्वयंपाक केला होता. त्यांनी मला वाकून पोळी वाढली आणि वर तूप सोडलं. भाऊ पंक्तीला बसले नव्हते. त्यांची बंडी तपासणी चालू होती. जेवून मी पाया पडलो, सामान बंडीत टाकलं आणि निघालो.

नाक्यावर बांबू आडवाच होता. भाऊ बंडीजवळ आले. माझी ट्रंक पाहिली, वळकटी दाबून पाहिली, बंडीखाली वाकून पाहिलं. मला वाटलं, दोन वर्षं ज्याच्या घरी जेवलो तो माणूस आता मलाही पास मागतो की काय. पण ते माझ्या अगदी जवळ आले आणि बंडीवाल्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिनं वाढलं तवा हात पाह्यले का?"

"पाहिले भाऊ," मी म्हणालो. "फडकी नव्हती. एक भेग नव्हती."

"मंग जा," भाऊ म्हणाले आणि त्यांनी बांबू वर केला.