दहावा सूचक

मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. मतदारसंघातल्या एका मतदारानं 'हा उभा राहू द्या' म्हणून सही केली की झालं. आमच्यासारख्या, नोंदणी असलेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षाला दहा लागतात. ज्यांच्याकडं कारखाना, गाड्या, माणसं, त्यांना एक; ज्यांच्याकडं एक मोटारसायकल, त्यांना दहा. मी हे पत्रकात लिहिलं तेव्हा आमचा एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "रडगाणं कशाला छापतो बे? दहा आण."

आणले. विधानसभेला आमच्या उमेदवार होत्या आक्का. वीस हंगाम ऊस तोडून आलेली बाई. तिच्यासाठी मी गावोगाव फिरून नऊ सह्या आणि एक अंगठा गोळा केला. अंगठा कडा गावाकडच्या एका मेंढपाळ घरातल्या म्हातारीचा होता. तिच्या ओट्यावर बसून, शाईचा पॅड पुढं धरून, मोठ्या दिमाखात मी तो घेतला होता.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. आष्टीच्या तहसीलमध्ये अर्ज तपासून देणाऱ्या कारकुनाचं बोट त्या अंगठ्यावर थांबलं. तो शांतपणे म्हणाला की अंगठा साहेबांसमोर, म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यासमोर, लावावा लागतो आणि खाली साहेबांची सही लागते. घरी घेतलेला अंगठा म्हणजे कोरी जागा. मी आवाज चढवला. निरक्षर माणसाच्या हक्कावर बोलायला लागलो. त्यानं उमेदवारांची पुस्तिका माझ्यापुढं उघडून ठेवली. नियम छापलेला होता. ती पुस्तिका महिनाभर माझ्या पिशवीत होती. तिच्यातलं चिडण्यासारखं तेवढंच मी वाचलं होतं.

साडेबारा वाजले होते. तीनला दार बंद होणार होतं. सूचक नऊ म्हणजे अर्ज बाद, आणि आक्काचं नाव मशीनवर नाही.

दहावा माणूस बाजारात मिळेल असं मला वाटलं. ज्या दुकानदारानं आमच्या कोपरा सभेत सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच्याकडं गेलो. त्यानं चहा मागवला. सहीचं काढल्यावर आवाज खाली घेतला. "मत तुमालाच हाय. सही मागू नका. सूचकाचं नाव भायेर बोर्डावर लागतंय." दुसरा म्हणाला, भाऊ कारखान्यात आहे. तिसऱ्यानं मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडं वळला. मला राग आला होता. अजून आहे. सगळ्या पक्षांच्या व्यासपीठावर लोकशाहीचं नाव असतं आणि तालुक्याच्या बाजारात एक सही मिळत नाही.

आक्का तहसीलच्या पायरीवर बसली होती. मला एवढंच म्हणाली, "लेकरा, म्हातारीलाच आण. तिनं दिलाय ना शब्द?"

कड्याच्या अलीकडं, सोयाबीन काढलेल्या रानात म्हातारीची मेंढरं चरत होती. शेजारी बांधावर तिचा पुतण्या बसला होता, गळ्यात मोठ्या पक्षाचा गमचा. घरकुलाचा हप्ता कधी येणार ते तो तिला समजावत होता. मी धापा टाकत माझी चूक सांगितली. लपवून उपयोगच नव्हता. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे त्या दिवशी माझा अंगठा फुकट काळा केला का?"

मी हो म्हणालो.

पुतण्या हसला. मग त्याचं हसू गेलं, कारण म्हातारी पदर खोचून उठली होती. तो म्हणाला, "चुलते, कावून नादी लागतीस यांच्या? चार मतं पडत न्हाईत यांना. यादी आपल्या माणसाच्या हातात हाय, घरकुल लटकंल."

ती त्याच्यावर चिडली नाही. हातातली काठी तिनं त्याच्यापुढं धरली. "मी येस्तोवर मेंढरं बघ."

"मी? मला प्रचाराला जायचंय."

"मेंढरं तुझ्या पक्षाची न्हाईत, ठाव हाय मला. पर तुझ्या घरची हायेत ना?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला की मी आत्ता दोन शिव्या खाणार असं मला वाटलं. पण त्यानं काठी घेतली. गमचा डोक्याला बांधला, उन्हाचा, आणि मेंढरांच्या मागं गेला. त्या माणसाबद्दल मी पत्रकात काय काय लिहिलं असतं! त्यातलं काही त्या दिवशी लिहिता आलं नसतं.

घरी जाऊन तिनं मतदान कार्ड घेतलं. मोटारसायकलवर ती दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसली आणि रस्ताभर माझ्या खांद्यावर चापट्या मारत राहिली, हळू चालव म्हणून. मी हळू चालवली नाही. आष्टीत पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. तहसीलसमोर मोठ्या पक्षाची मिरवणूक अडकलेली. गाडी तिथंच टाकून मी तिला ढोल-ताशातून वाट काढत नेलं. गुलाल दोघांच्या अंगावर पडला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ह्यांचा गुलाल आधीच उधळतोय व्हय?"

आत साहेबांनी कार्ड बघितलं, यादीत नाव बघितलं. मग नियमाप्रमाणं असेल किंवा माणूस म्हणून असेल, त्यांनी तिला विचारलं की अंगठा कशासाठी लावताय ते माहीत आहे का. कुणी बळजबरी केली नाही ना?

म्हातारी म्हणाली, "साहेब, सह्या करणाऱ्यांनी लई पक्ष बदलले. कोण सकाळी हिकडं, कोण सांजच्याला तिकडं. माझा अंगठा हाय तसाच हाय. लावून घ्या."

खोलीत मोठ्या पक्षाचे दोन वकील बसले होते. त्यातला एक हसला, दुसऱ्यानं खाली बघितलं. साहेबांनी पॅड पुढं सरकवला. अंगठा उमटला, खाली त्यांची सही झाली. तीनला काही मिनिटं कमी असताना आक्काचा अर्ज दाखल झाला.

छाननीला आम्ही दहाही सूचक नेऊन बसवले, कुणी सहीवर हरकत घेतली तर जागेवर उभं करायला. हरकत कुणी घेतली नाही. साहेबांनी आमच्या पक्षाचं पूर्ण नाव वाचलं, आक्काचं नाव वाचलं आणि म्हणाले, वैध.

निकाल तालुक्याला माहीत आहे. आम्ही हरलो, आणि थोडक्यात नाही. मला कुणी हिणवलं तर मी खोटं बोलत नाही. पण त्या आधी मी मत द्यायला गेलो होतो. याआधी दरवेळी मशीनसमोर उभं राहून, कोण कमी वाईट, एवढंच ठरवून मी बटण दाबलं होतं. या वेळी यादीत खालून तिसरं नाव आक्काचं होतं, पुढं आमचं चिन्ह. बटण दाबलं. मशीन वाजलं. बाहेर येऊन शाईचं बोट मी शाळेच्या फाटकातल्या सगळ्यांना दाखवलं, मोठ्या पक्षाच्या टेबलावरच्या पोरांनासुद्धा.