पालखीच्या दिवशी बुट्टीभर बांगडे

आमच्या कुंभारवाड्यात त्या काळी वाघ मिळायचा, बायको मिळायची नाही.

म्हणजे गाव वाईट नव्हतं. भात पिकायचं, फणस लागायचे, मध हवा तेवढा. पण चारी बाजूंनी रान, पावसाळाभर जळवा आणि बाकीचं वर्षभर हिंवताप. असल्या गावात मुलगी द्यायला कुठला बाप तयार होणार? माझी तीन स्थळं मोडली. त्यातला एक मुलीचा बाप घर बघायला म्हणून आमचा घाट चढायला लागला, अर्ध्या वाटेत पिंढरीला चिकटलेली जळू बघितली आणि तिथूनच माघारी फिरला. (जळू मात्र त्याच्याबरोबर गेली.)

चौथं स्थळ आलं ते थेट कारवारचं. भिकाजी म्हणून एक गृहस्थ होते, मूळचे खानापूरकडचे, कारवारात भाताचा व्यापार करायचे. मुलीचं नाव शेवंती. त्यांनी निरोप धाडला की अमुक दिवशी मुलगी बघायला या, मुलगा बरा वाटला तर पुढचं बोलू. माझी आई मी रांगत असतानाच गेली होती. मला वाढवलं ते आत्तीनं, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, थोरल्या बहिणीनं. निरोप ऐकून आत्ती म्हणाली, "नागू, ह्ये बी स्थळ गेलं तर मी तुला अस्वलीण बघणार हाय. आदीच सांगून ठेवते."

अस्वलीण टळावी म्हणून मी नंदिगड्ड्याच्या एका मित्राचा काळा कोट मागून आणला. मित्र माझ्यापेक्षा चांगलाच बुटका होता. त्या कोटाची बटणं लावली की श्वास घेता येत नसे आणि श्वास घेतला की बटणं राहत नसत. आत्तीनं सांगितलं की मुलीच्या घरी श्वास बेतानंच घे.

आम्ही तिघं घाट उतरून कद्र्याला आलो आणि तिथून होडीनं काळी नदीतून खाली कारवारला. आबांच्या खांद्यावर आमच्या रानातल्या कंदांचं गाठोडं, आत्तीच्या काखेत मधाचा बुधला, आणि मी कोटात. सकाळचं ऊन नुकतं वर आलेलं. भिकाजींचं घर समुद्राच्या कडेनं गेलं की जवळ पडतं असं होडीवाल्यानं सांगितलं, म्हणून आम्ही वाळूतून निघालो. तेवढ्यात रापण दिसली.

रापण म्हणजे भलं मोठं जाळं. ते समुद्रात लांबवर टाकतात आणि दोन्ही बाजूंचे दोर धरून पाच-पन्नास माणसं ते किनाऱ्यावर ओढून काढतात. आम्ही डोंगरातली माणसं, असलं काही कधी बघितलेलं नव्हतं. पण एवढी माणसं दात-ओठ खाऊन काहीतरी ओढत आहेत एवढं आबांना कळलं, आणि तेवढंच त्यांना पुरलं. आमच्याकडं कुणी छपराचं लाकूड उचलताना दिसला की वाटेनं जाणारा आधी खांदा लावतो आणि मग विचारतो की घर कुणाचं. आबांनी गाठोडं खाली ठेवलं.

"आबा, मुलगी बघायची हाय," मी म्हणालो.

"मुलगी कुठं पळून जातीया? ही मानसं दमल्यात बघ."

आबा दोराला लागले. बाप ओढतोय म्हटल्यावर मी लागलो. आणि आत्ती? ती नुसती बाजूला उभी राहून कसं ओढायचं ते कोळ्यांना शिकवत होती. दहा वाक्यं झाल्यावर तिला राहवेना, तिनंही पदर खोचला. रानात ओंडका ओढताना एक जण पुढं जाऊन तो कुठं अडलाय ते बघतो. ते काम आमच्याकडं माझं. म्हणून मी जाळं कुठं अडलंय ते बघायला सरळ पाण्यात शिरलो. लाट नावाचा प्रकार मला माहीत नव्हता. ती आली, माझ्यावरून गेली, आणि जाताना मला जाळ्यात ठेवून गेली. कोळ्यांनी मला बांगड्यांबरोबरच वर काढलं.

"हाका खंयचो मासो म्हणचो?" एक म्हातारा कोळी मला न्याहाळत म्हणाला, आणि सगळा किनारा हसला.

इथवर सगळं ठीक होतं. पण रापणीचा रिवाज असा, की जो दोराला हात लावील त्याला वाटा. आमच्याकडं शिकारीचा रिवाज अगदी हाच! हाक्याला, म्हणजे रान उठवायला, आलेल्या प्रत्येक माणसाला वाटा, त्याच्या कुत्र्यालाही वाटा. आणि दिलेला वाटा नाकारणं म्हणजे त्या माणसांच्या तोंडावर थुंकणं. कोळ्यांनी आम्हा तिघांचे तीन वाटे एका बुट्टीत, म्हणजे वेताच्या टोपलीत, घातले. ती बांगड्यांनी काठोकाठ भरलेली बुट्टी आबांनी आधी कपाळाला लावली आणि मग माझ्या डोक्यावर दिली.

भिकाजींच्या आळीच्या तोंडाशी आलो आणि माझे पाय थबकले. सगळीकडं सडा, रांगोळ्या, आंब्याच्या डहाळ्यांची तोरणं. एका बाईनं आमची वरात बघितली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अवो, आज देवीची पालखी हाय ह्या आळीत. पालखी जाईस्तवर कुनाच्या घरात मासळी शिरत न्हाई."

"मग कोळी कसे मासे धरतात?" मी विचारलं.

"त्यांच्या आळीची पालखी कालच झाली न्हवं."

"आबा, हे इथंच कुठंतरी टाकू या," मी म्हणालो.

"वाटा टाकायचा न्हाई," आबा म्हणाले. ते एरवी फार बोलत नसत, पण जे बोलत ते जागचं हलत नसे.

माघारी फिरावं तर समोरून भिकाजी हात जोडून येत होते. आत्तीनं झटक्यात माझ्या गळ्यातलं ओलं उपरणं ओढून बुट्टीवर टाकलं.

"या पावणं. वाट बघत होतो," भिकाजी म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. मी नखशिखांत भिजलेलो, केसांत वाळू, डोक्यावर बुट्टी. "जावईबापू होडीतनं पडले की काय?"

"आंघोळ केली समुद्रात," आत्ती म्हणाली. "आमचा नागू सोवळ्याचा लई."

"आणि बुट्टीत काय आणलंय?"

"कंद. आमच्या रानातले."

एका अर्थानं ते खरंच होतं. कंद आम्ही आणलेच होते, फक्त ते आबांच्या खांद्यावर होते. पण भिकाजींचा चेहरा एकदम खुलला. "वा! देवीला नवा माल दाखवायचा आमचा रिवाज हाय. हीच बुट्टी पालखीपुढं ठेवू." त्यांनी स्वतःच्या हातांनी बुट्टी उतरवली आणि दारातल्या चौरंगावर, हळदीकुंकवाच्या शेजारी नेऊन ठेवली.

पलीकडच्या आळीत ढोल वाजायला लागले. पहिलं मांजर त्याच वेळी आलं.

मला चौरंगाजवळच बसवलं होतं. भिकाजी एकेक विचारत होते आणि मी उत्तरं देता देता पायानं मांजर लोटत होतो.

"शेती किती?"

"हाय की पोटापुरती. हुश्श!"

"काय म्हणालात?"

"हुश्श... म्हणजे, मेहनतीचं काम हाय."

तोवर मांजरं तीन झाली. कोट वाळताना आणखी आवळत चालला होता. चौथं मांजर हाकलायला मी वाकलो आणि मधलं बटण सुटून थेट भिकाजींच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते शांतपणे उचलून मला परत दिलं.

तेवढ्यात शेवंती पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली. रिवाजाप्रमाणं खाली मान घालून आली, आणि त्यामुळंच उपरण्याखालून डोकावणारी बांगड्याची शेपटी तिला अगदी सरळ दिसली. मी तिच्याकडं बघितलं. तिनं शेपटीकडं बघितलं. ढोल आळीत शिरले होते. पालखीपुढं मासळी ठेवली म्हणून सगळी आळी भिकाजींच्या दारात जमा होणार, आणि चौथं स्थळ मोडणार. आता फक्त तिनं तोंड उघडायचं बाकी होतं.

तिनं उघडलं. "आप्पा, मातीचे कंद देवीपुढं कसे ठेवायचे? धुवून आणते." एका हातानं बुट्टी उचलली, दुसऱ्या हातानं आबांजवळचं गाठोडं. "ह्ये बी द्या, मामा." आणि ती आत गेली. तिच्यामागून ओळीनं चार मांजरं गेली.

पालखी दाराशी आली तेव्हा चौरंगावर दुसरी बुट्टी होती, तिच्यात स्वच्छ धुतलेले आमचे कंद, वर झेंडूची फुलं. बांगडे मागच्या कुंपणावरून कोळ्यांच्या आळीतल्या एका कोळणीच्या घरी पोचले होते. मी देवीला हात जोडले ते इतका वेळ, की पालखी पुढच्या घराशी गेली तरी मी तसाच उभा होतो.

पण आबांना पोटात काही ठेवता येत नसे. लोक पांगताच ते भिकाजींना म्हणाले, "पावणं, त्या बुट्टीत बांगडे हुते." आत्तीनं कपाळाला हात लावला.

"व्हय, ठाऊक हाय," भिकाजी म्हणाले. "इतकी वर्सं कारवारात काढली, मला बांगड्याचा वास कळत न्हाई व्हय? मांजरं जमली तवाच कळलं, बुट्टी हलवणारच हुतो; पन पोरीनं उचलली, तवा गप बसलो. तिला माणसं पसंत नसती तर तिनं तितंच उपरणं ओढलं असतं." मग आबांकडून रापणीची सगळी हकीगत ऐकून ते डोळ्यांत पाणी येईस्तवर हसले आणि तिथंच लग्न ठरलं. संध्याकाळी ती कोळीण आमच्याच बांगड्यांचं झणझणीत तिखलं कालवण करून घेऊन आली. त्या बाईचे, त्या रापणीवाल्यांचे आणि भिकाजींचे उपकार मी ह्या जन्मात विसरणार नाही.

शेवंतीचे तर नाहीच. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, पोरंबाळं मोठी झाल्यावर, मी एकदा मिशीला पीळ देत तिला विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी माझ्यात काय बघितलंस म्हणून आम्हाला वाचवलंस?"

"तुमच्यात?" ती तांदूळ निवडत म्हणाली. "तुमच्याकडं कुठं बघितलं मी? ओला माणूस मांजरं हाकलतोय म्हटल्यावर मला वाटलं पावण्यांनी गडी आणलाय. मी बघितलं ते आत्तींना. दारात पालखी, म्होरं बुट्टीभर बांगडे, आनि बाई निवांत पान लावत बसलेली, जरा बी घाबरल्याली न्हाई. म्हटलं असली खमकी बाई घरात असंल तर नवरा कसला का असंना, चालून जाईल."

आत्ती तिथंच बसली होती. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, "चालला की."