आधी नावं, मग गोष्ट

आमच्या घरमालकीणबाईंकडून गोष्ट ऐकायला मिळण्यापेक्षा अमेरिकेचा व्हिसा मिळणं सोपं होतं. बाई मूळच्या हवाई बेटांवरच्या. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला गुडघाभर बर्फ पडलेलं असलं तरी त्या भल्यामोठ्या फुलांचा झगा घालून घरात अनवाणी वावरत आणि येणाऱ्याला बूट दाराबाहेर काढायला लावत. प्लंबरलाही सूट नव्हती. नव्वद सालानंतर कधीतरी मी आणि माझा पुणेकर रूममेट त्यांच्या माडीवर राहायला गेलो आणि सवयीनं त्यांना 'आंटी' म्हणालो. बाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या बेटावर वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात. मिशिगनमध्ये शेंबडं पोरही नावानं हाक मारतं. तेव्हापासून त्या आमच्या मावशी झाल्या.

रविवारी दुपारी फोनचा रिसीव्हर काढून ठेवून मावशी चटईवर बसत. समुद्राच्या, ज्वालामुखीच्या गोष्टी सांगत, पण आधी प्रत्येक गोष्ट कुणाकडून आली त्याचं नाव घेत. बहुतेक त्यांच्या आजीकडून. त्यांच्या आईला शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार बसायचा, म्हणून आईनं ती घरातही कधी उच्चारली नाही. आईच्या जिभेवरचा तो वळ आपण गोष्टी सांगून पुसतोय, असं मावशी म्हणत. ऐकणाऱ्यालाही अट होती. आधी आपल्या पूर्वजांची नावं सांगायची आणि त्यातल्या एकाची गोष्ट.

रूममेटनं गोत्रासकट सात पिढ्या घडाघडा म्हटल्या. मावशी खूश. "आता यातल्या कुणाचीही गोष्ट सांग," म्हणाल्या, तर गडी पुन्हा पहिल्यापासून नावंच म्हणायला लागला. त्याला फक्त नावं पाठ होती.

माझी पंचाईत निराळी होती. आडनाव ऐकलं की काही लोकांचं हसू कसं आखडतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे इथल्या मराठी मंडळातही मी नुसतं पहिलं नाव सांगून भाताच्या रांगेत सटकत असे. मावशींना म्हणालो, मला आजीच्या मागचं कुणी माहीत नाही.

"मग आजीपासून सुरू कर," त्या म्हणाल्या.

आजी कामठीला विड्या वळायची. छप्पन साली धम्मदीक्षेला पांढरं लुगडं नेसून जायचं ठरलं, पण तिच्याकडे ते नव्हतं. तिनं आपलं एकुलतं एक बरं हिरवं लुगडं राखेच्या पाण्यात उकळून उकळून फिकं केलं आणि तेच नेसून गेली. पुढं जन्मभर ते पांढरं आहे असंच सांगत राहिली. आम्ही पोरं हसायचो.

मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या आईची भाषा मारून धुतली गेली. तुझ्या आजीनं रंग स्वतःच्या हातानं धुतला. हे घरात लपवून ठेवायचं नसतं."

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीत रूममेटनं त्यांना गोष्ट सांगायला बोलावलं. फुलांचा झगा घालून मावशी उठल्या, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आज लुगड्याची गोष्ट. पण नावं मी घेणार नाही. ती नातवानं घ्यायची."

मी दाराशी उभा होतो. बूटही घातलेले होते, सटकता आलं असतं. पण आजीचं नाव घेतलं, आडनावासकट. मग माझं. कुणाकुणाचं हसू आखडलं असेलही. मी पाहिलं नाही. मी मावशींकडे पाहत होतो.

पुढे मावशी बेटावर परत गेल्या आणि तिथेच वारल्या. माझी लेक आता झोपताना म्हणते, "बाबा, नेम्स फर्स्ट." मी आजीचं नाव घेतो. मग मावशींचं. आणि मग ते हिरवं लुगडं पुन्हा उकळायला घालतो.