पाचवा अर्ज
केमोच्या वॉर्डात सगळे तिला ताई म्हणत. एकोणीस वर्षांत हात असा बसला होता, की औषधांनी कडक झालेली शीरही तिला सापडायची. कॅन्सर नर्सिंगच्या कोर्ससाठी तिने चौथ्यांदा अर्ज केला, तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "अगं, तू गेलीस तर शिरा कोण शोधणार?" कोर्सला गेली तिनेच हाताला धरून शिकवलेली धाकटी नर्स, आणि परतली ती इन्चार्ज होऊन.

पहिल्याच दिवशी तिची हाक आली, "ताई, या आजोबांची शीर मिळत नाहीये."

'कोर्समध्ये नाही का शिकवलं?' ताईच्या अगदी ओठांवर आलं. पण आजोबा निमूट हात पुढे करून बसले होते. तिने सुई लावली आणि तडक मेट्रनबाईंच्या टेबलावर पाचवा अर्ज ठेवला.

"नाही म्हणायचं तर कारण लेखी द्या."

बाईंनी तो न वाचताच ड्रॉवरमध्ये सरकवला.