अष्टमीचं उधाण

माझे धाकटे दीर महिपती एसटीत कंडक्टर होते. पेण आगारात एकतीस वर्षं, त्यातली निम्मी पेण-रोहा गाडीवर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणी दारात घुटमळलं की ते अजून म्हणतात, आत सरका, मागं जागा हाय. जाऊबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच, ओटीलगतच्या खोलीत राहतात. त्यांची एकुलती एक मुलगी सुरभी ठाण्याला असते.

भावजींना साठीत एक नाद लागला. आमच्या माडीवर अक्षय भाड्याने राहतो. गणपतीच्या कारखान्यात तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. रविवारी त्याच्याकडे दोघं जण खेळायला यायची. एक रोह्याकडचा, डोंगराच्या बाजूचा हर्षद, घरची भाताची आणि वालाची शेती. दुसरी भूमिका, आमच्याच खाडीकाठच्या गावची, मिठागरवाल्यांची नात. ती इथे औषधाच्या दुकानात असते. एका रविवारी त्यांना एक माणूस कमी पडला आणि अक्षयने जिन्यावरून भावजींना हाक मारली. एक सीट रिकामी आहे म्हटल्यावर हा माणूस थांबणार थोडाच.

खेळ असा. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपापल्या माणसाने काय करायचं ते ठरवतात. जमेल की नाही अशी वेळ आली की फासा टाकायचा, आकडा मोठा पडला की जमलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. फासे म्हटल्यावर मी पहिल्या दिवशी देवघराचं दार ओढून घेतलं होतं. भावजींनी तो वीस बाजूंचा फासा माझ्या तळहातावर ठेवला नि म्हणाले, "वहिनी, यात पणाला काय लावत नाय. कुणी खोटं बोललं तर पकडायचं, कुणी बुडालं तर काढायचं. तुमच्या कथापुराणात दुसरं काय हाय?" तरी मी फासा देव्हाऱ्याच्या खोलीत काही येऊ दिला नाही.

माघानंतर कारखान्यात अक्षयला मान वर करायला फुरसत मिळेना. गोष्ट चालवायची म्हणजे आठवडाभर तयारी लागते. तेव्हा भावजी म्हणाले, मी चालवतो. पहिल्या खेपेला त्यांनी आठ पानं लिहून काढली आणि पोरांनी दुसऱ्याच वाटेने जाऊन सगळी फुकट घालवली. रात्री जेवताना पडलेला चेहरा घेऊन बसले होते. आमच्या ह्यांनी, म्हणजे पुंडलिकांनी, विचारलं, काय रे, गाडी चुकली? त्यावर ते म्हणाले की चूक माझी, उतारू कुठे उतरणार ते कंडक्टर ठरवत नसतो. त्या दिवसापासून ते थोडं लिहू लागले आणि जास्त विचार करू लागले. खेळ खाली आमच्या ओटीवर आला, चहापोह्यांचं काम माझ्याकडे आलं.

आणि चैत्रात मला भीती वाटू लागली.

आमच्या सासूबाईंची शेवटची सहा वर्षं मी काढली आहेत. त्यांचं विसरणं तिथीपासून सुरू झालं. आयुष्यभर पंचांग न बघता तिथी सांगणारी बाई, एका पंचमीला नैवेद्याचं ताट घेऊन चंद्राची वाट बघत बसली. संकष्टी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. पुढे त्यांना माझं नाव आठवेना, मग मुलांची. भावजी त्यांचेच चिरंजीव, चेहऱ्यानेही तसेच.

एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. भावजी मागून आले नि मला म्हणाले, "जनीबाय, उघाडीचं दार कुणी काढलं गो?" उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायची जागा. पेणच्या आमच्या अंगणात कुठली आलीये उघाडी. आणि मला ते सदतीस वर्षं वहिनी म्हणतात. मी वळून बघितलं तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून गेले. पुढच्या आठवड्यात रोह्याला हर्षदकडे जायला निघाले नि मधेच निडीला उतरले. स्टेशनवर दोन तास बसून होते. हर्षदचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. तिसऱ्यांदा दूध गॅसवर ठेवून बाजारात गेले, पातेलं काळं ठिक्कर झालं.

मी सुरभीला कळवलं. न कळवून कसं चालेल? ती म्हणाली, "काकू, तुम्ही रोज वही लिहिता. त्यात बाबांचंही लिहून ठेवा, तारखेनिशी. डॉक्टरांना दाखवता येईल." माझी वही म्हणजे वर श्री, मग तिथी, कोणता अध्याय वाचला, कोण आलं-गेलं. त्यात मी माझ्या दिराच्या चुका लिहू लागले. एका छपराखाली राहायचं, त्यांच्या हाती चहा द्यायचा आणि दुपारी त्यांच्यावरच लिहायचं. देवापुढे बसले की मन लागेना.

शनिवारी त्यांची खोली झाडताना उशीखाली कागद दिसला. खेळाचाच होता, पोरांसाठी राखलेला, म्हणून मी कधी वाचत नाही. पण त्यांचं अक्षर ठळक आणि वरचीच ओळ अशी: वद्य अष्टमी, पहाटे मोठं उधाण, बांधाला खांड.

खांड म्हणजे भगदाड. मी खाली बसले. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं. अष्टमीला भांग असते, पाणी सगळ्यात कमी चढतं. हे भावजींना शिकवावं लागतं होय? लहानपणी बापाबरोबर बांध राखायला जायचे ते. तिथीच चुकली होती. सासूबाईंसारखीच. मी ते वहीत लिहिलं आणि सुरभीला फोन केला.

रविवारी ती नऊच्या गाडीने आली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वही वाचली, डोळे पुसले. सोमवारची ठाण्याच्या डॉक्टरची वेळ तिने घेऊनच ठेवली होती. म्हणाली की आता बाबांना इकडे ठेवणार नाही, माझ्याजवळ सातव्या मजल्यावर राहतील, दिवसभराची बाई ठेवू. मी म्हटलं, तिकडे त्यांचं कोण आहे गं? ती म्हणाली, इकडचं तरी कोण त्यांच्या आठवणीत राहणार आहे? मी वही मिटून ठेवली. एवढंच विनवलं की आजचा खेळ होऊ दे, मग सांग.

दुपारी पोरं जमली. सुरभी ओटीच्या खांबाला टेकून बसली, मी पोह्यांचं निमित्त करून दारात. भावजी खुशीत होते. लेकीला म्हणाले, तिकीट काढलंस काय? बस, आज फुकट.

त्यांची गोष्ट खाडीकाठच्या एका गावाची होती. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलंय, भात गेलंय, आणि उघाडीवर राखण करणाऱ्या जनीबाय नावाच्या म्हातारीवर गाव आळ घेतंय. तिने दार नीट लावलं नाही म्हणून पाणी घुसलं म्हणे. तिला गावाबाहेर काढायचं चाललंय. पोरं त्या गावात चौकशीला आलेली माणसं.

जनीबाय हे नाव ऐकलं आणि मी पोह्यांचा डाव खाली ठेवला; तुळशीपाशी त्यांनी मला हीच हाक मारली होती. पण पुढचं अजून यायचं होतं.

भावजींनी पाठ ताठ केली, आवाज जाड केला, गावचा पाटील झाले. हर्षदने विचारलं, बांध फुटला कधी? पाटील म्हणाला, "अष्टमीच्या पहाटे. मोठं उधाण आलं. असं उधाण मी जन्मात बघितलं नाय. बांधाला खांड पडली, म्हातारी झोपलेली."

मी सुरभीकडे बघितलं नाही. हर्षद डोंगरकडचा, त्याला भरती-ओहोटी सगळी सारखी. त्याने मान डोलावली. अक्षय पेणच्या बाजारात वाढलेला, तोही पुढचं विचारू लागला. भूमिका मात्र पोहे खायची थांबली. मला वाटलं, पोरी, नको बोलूस.

ती म्हणाली, "काका, चुकलात. अष्टमीला भांगाचं पाणी. उधाण कुठलं?"

अक्षय हसला. म्हणाला, रिटायर झाल्यावर काकांची खाडीपण रिटायर झाली. सुरभीने तोंड फिरवलं.

भावजी हसले नाहीत की गडबडलेही नाहीत. त्यांनी भूमिकाकडे नीट बघितलं आणि स्वतःच्या आवाजात, हळू, विचारलं, "हे तू मला सांगतंस, का पाटलाला?"

 भूमिकाच्या डोळ्यांत उजेड येताना मी बघितला. ती सरळ बसली. "पाटलाला," ती म्हणाली. "पाटील, अष्टमीला उधाण येत नाय. बांध पाण्यानं फुटला नाय. फोडलाय कुणीतरी."

"टाक फासा," भावजी म्हणाले.

सतरा पडले. पाटलाच्या कपाळाला घाम आला आणि हळूहळू सगळं बाहेर पडलं. शेतात कोळंबीचं तळं करायचं होतं त्याला, म्हणून रात्री माणसं लावून बांध कापला आणि आळ म्हातारीवर टाकला. भावजी म्हणाले, तीन आठवडे ही गाठ बांधत होतो, कुणाच्या हाती लागते ते बघायचं होतं. डोंगरकडचा फसेल नि बाजारातला फसेल, हे धरूनच चाललो होतो. खाडीकडची पोर बोलली नसती तर माझी गाडी आगारातच राहिली असती.

मी आत गेले, देव्हाऱ्यापुढे बसले. हात जोडायचंही सुचलं नाही. नुसती रडले आणि रडताना मला हसू येत होतं.

पोरं गेल्यावर सुरभीने वही आणून बापापुढे ठेवली आणि ठाण्याच्या डॉक्टरचंही सांगितलं. लपवून ठेवायला तिला जमलं नसतं, मलाही नाही. मी म्हटलं, भावजी, मला माफ करा. ते चष्मा लावून वाचत राहिले. जनीबाय? ते म्हणाले, पाटलाचा आवाज बसवत होतो, म्हाताऱ्या बाईशी पाटील कसा बोलेल ते. निडीला उतरलो कारण पुढच्या गोष्टीत एक छोटं स्टेशन हवंय, त्याचा नकाशा काढला, हा बघा. दुधापाशी ते थांबले.

"ते मात्र विसरलो, वहिनी. खरंच विसरलो."

मला ते ऐकून उलट बरंच वाटलं. जे विसरलं ते विसरलं म्हणतो, त्याचं डोकं जागेवर आहे.

मग त्यांनी शनिवारच्या पानावर बोट ठेवलं. "काल नवमी होती. तुम्ही अष्टमी लिहिलंय." मी बघितलं. खरंच. त्यांच्या कागदावरची अष्टमी डोक्यात बसली होती, तीच वर उतरली. भावजी लेकीकडे वळले. "आता ठाण्याला कुणाला नेतंस?"

सुरभी आधी हसली आणि मग बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली. सोमवारची वेळ तिने रद्द केली. इथल्याच डॉक्टरांना दाखवायचं ठरलं, ते मंगळवारी झालं. रक्तात एक जीवनसत्त्व कमी निघालं, सुया लिहून दिल्या आणि वयाच्या मानाने डोकं झकास आहे म्हणाले. आमचे हे म्हणाले, हे आधी आम्हाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मी वहीतली ती पानं फाडली नाहीत. वर श्री लिहिलेलं पान फाडत नसतात. प्रत्येक नोंदीखाली खरं काय होतं ते लिहिलं. दुधाखाली काही लिहिलं नाही. शनिवारच्या अष्टमीवर रेघ मारून नवमी केली, ती रेघ भावजींनी मुद्दाम येऊन बघितली.

जनीबायचं पुढे काय झालं, ते अजून ठरायचं आहे. गावाने तिची माफी मागितली, पण ती परत उघाडीवर जायला तयार नाही. तिच्या मनात काय असेल, असं भावजींनी काल मला भाजी निवडताना विचारलं. मी म्हटलं, मला काय विचारता, मी तुमच्या गोष्टीत नाही. ते म्हणाले, एक सीट रिकामी हाय. येत्या रविवारी पोहे भूमिका करणार आहे.