गोलकीपरपासून सुरू झालेली यादी

निनावी अर्ज हातात पडला तर तुम्ही आधी कोणावर संशय घ्याल? ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्यावर, की लिहिणाऱ्यावर? मी चुकीचं उत्तर दिलं होतं. म्हणूनच मुलुंडच्या पोलीस ठाण्यातलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही मला सोडत नाही.

अर्ज टाइप केलेला होता. इथल्या फुटबॉल क्लबच्या नव्या अध्यक्षाने वय कमी दाखवायला अकरा खेळाडूंचे जन्मदाखले संगणकावर बदलले, असा आरोप. खाली अकरा नावं. अध्यक्ष तिशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची नोकरी गेली असती आणि क्लब स्पर्धेतून बाद.

खरं सांगतो, तो दोषी निघावा असं मला वाटत होतं. सायबर शाखेसाठी मी दोनदा अर्ज केला होता. वय पाहून नाकारलं. आणि हा लॅपटॉप उघडून समोर ऐटीत बसलेला. दोन तास त्याला उलटसुलट विचारलं.

"साहेब, दाखले महापालिकेत पडताळून घ्या ना. आणि ही आमच्या खेळाडूंची माझी यादी."

त्याची यादी आडनावांच्या अक्षरक्रमाने होती. अर्जातली तशी नव्हती. आमचा हवालदार जुना खेळाडू. तो म्हणाला, "साहेब, अर्जातली यादी गोलकीपरपासून मांडलीय, मग बचाव, मग पुढचे. संघ लावणारा माणूस आहे हा. पण डावा विंगर तर पुढे खेळतो, तो इथे बचावात कसा?"

मी कोचला बोलावलं. तो अध्यक्षाचा बालमित्र, त्याच्याकडूनच क्लबची निवडणूक हरलेला. अर्जाचं नाव न काढता म्हटलं, "रविवारचा संघ लिहून द्या." त्याने झरझर लिहिला. तोच क्रम, डावा विंगर बचावात.

"हा बदल कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. माझ्या डोक्यात आहे अजून," तो अभिमानाने म्हणाला.

मी अर्ज पुढे सरकवला. त्याचा चेहरा उतरला.

"वीस वर्षं मैदानाला पाणी मी मारतो, साहेब. हा येतो, एक ॲप बनवतो आणि अध्यक्ष! पोरंपण त्यालाच सर म्हणतात."

महापालिकेचं उत्तर आलं. दाखले खरे होते. अध्यक्षाने तक्रार दिली नाही. मित्राला एवढंच म्हणाला, "तोंडावर शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं रे. आता पोरांना तूच सांग, तू काय केलंस ते."

त्या खोलीत जळणारी माणसं दोन होती. एक टेबलापलीकडे, दुसरा खुर्चीत, वर्दी घालून. कोचने निदान कबूल केलं. मी त्या अध्यक्षाची माफी मागितली नाही.

मत्सर कोणालाही होतो, तो गुन्हा नाही. नाव लपवून दुसऱ्याचं आयुष्य उद्ध्वस्त करणं हा गुन्हाच. म्हणून सांगतो, क्लबमध्ये, सोसायटीत, ऑफिसात कोणाविरुद्ध लिहायला बसलात, तर कागदाच्या तळाशी आधी स्वतःचं नाव लिहा. तक्रार मग वर लिहा.